खंड, कूळ आणि आयर्लंड: एका इतिहासकाराची पन्नास वर्षं

सुरुवातीलाच एक कोडं घालतो. १८५० नंतरच्या पंचवीस वर्षांत आयर्लंडमध्ये जनावरं आणि लोणी यांना चांगला भाव मिळू लागला. शेतीचं उत्पन्न वाढलं. या काळात जमीनदारांनी कुळांचा खंडही वाढवला, पण सरासरीने पाहिलं तर साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच. म्हणजे वाढीव उत्पन्नातला मोठा वाटा कुळाच्या घरात राहिला. मोठ्या दुष्काळाच्या वर्षांत कुळांना जमिनीवरून हुसकावण्याचं जे सत्र चाललं होतं, तेही पुढे बरंच ओसरलं. थोडक्यात, कूळ आपल्या बापापेक्षा बरं खात होतं, बरं नेसत होतं. आणि नेमक्या याच कुळांनी १८७९ मध्ये असा लढा उभा केला की पुढच्या पन्नासेक वर्षांत जमीनदारी देशातून उखडली गेली.

असं का व्हावं?

या प्रश्नाभोवती आयर्लंडच्या इतिहासकारांच्या दोन-तीन पिढ्या घुटमळल्या आहेत. त्यांतल्या एकाला धरून ही गोष्ट सांगितली तर ती सोपी जाते, असा माझा अनुभव आहे. त्यांचं नाव थिओडोर विल्यम मूडी. जन्म १९०७, बेलफास्ट. वडील हारलंड अँड वुल्फ या जहाजबांधणीच्या कारखान्यात कातारी, आई कपडे शिवणारी. घर प्रॉटेस्टंट. मुलगा शिकला, क्वीन्स विद्यापीठात इतिहासाकडे वळला, पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १९४० ते १९७७ अशी सदतीस वर्षं आधुनिक इतिहासाचा प्राध्यापक होता. त्यांच्या पहिल्या मोठ्या संशोधनाचा विषय होता आयर्लंडची जमीन लोकांच्या हातून कशी गेली. शेवटच्या मोठ्या पुस्तकाचा विषय होता ती परत मिळवण्यासाठी लढलेला माणूस. असं आखून कुणी आयुष्य जगत नाही, पण त्यांच्या बाबतीत ते तसं झालं खरं.

आधी जमीन कशी गेली ते पाहू. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने आयर्लंडमधली बंडं मोडताना दरवेळी एक गोष्ट केली: बंडवाल्यांची जमीन जप्त करायची आणि आपल्या माणसांना वाटायची. १६४१ मध्ये देशातली निम्म्याहून जास्त जमीन कॅथलिकांच्या मालकीची होती. १७०३ मध्ये तो आकडा शेकडा १४ वर आला होता. बासष्ट वर्षांत एवढी उलथापालथ. जमीन कसणारे बहुतेक ठिकाणी तेच राहिले, वरचा मालक बदलला. नवा मालक धर्माने वेगळा, पुष्कळदा भाषेनेही वेगळा, आणि त्याच्या हक्काचा मूळ कागद म्हणजे जप्तीचा हुकूम. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढे तिच्याशिवाय काहीच उलगडत नाही.

मूडींनी या जप्तीच्या इतिहासातला एक तुकडा उचलला. १६०९ पासून उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात वसाहतीची योजना आखली गेली. त्यातला डेरीचा मुलूख राजाने लंडन शहरातल्या व्यापारी मंडळ्यांच्या गळ्यात घातला. कापडवाले, सोनार, मासळीवाले, वाणी अशा लंडनच्या बारा मोठ्या मंडळ्यांना जमिनी वाटून दिल्या आणि डेरी गावाचं नाव लंडनडेरी झालं. अट अशी होती की मूळच्या आयरिश लोकांना हटवून तिथे इंग्लंड-स्कॉटलंडहून माणसं आणून वसवायची. व्यापाऱ्यांनी हिशेब केला. बाहेरून माणसं आणायला खर्च, ती येईनात, आली तरी टिकेनात. शिवाय जमिनीवर असलेला आयरिश माणूस तिथेच राहायला मिळावं म्हणून जास्त खंड द्यायला तयार. मग अट कागदावर राहिली आणि आयरिश कुळं जमिनीवर. राजाच्या हे लक्षात आल्यावर, म्हणजे त्याला पैशाची निकड लागल्यावर, १६३५ मध्ये स्टार चेंबर या दरबारी न्यायालयाने लंडन शहराला ७०,००० पौंडांचा दंड ठोठावला आणि सनद काढून घेण्याचा निकाल दिला.

मूडींचं या विषयावरचं पुस्तक १९३९ मध्ये आलं. त्यात शौर्यगाथा नाही, विलाप नाही. आहेत ते हिशेब, करारनामे, तपासणी-अहवाल. उत्तरेतले प्रॉटेस्टंट ज्या वसाहतीला आपल्या पूर्वजांचा पराक्रम मानत आणि कॅथलिक जिला लुटालूट म्हणत, ती बरीचशी व्यापाऱ्यांची फसलेली गुंतवणूक होती हे त्यातून दिसतं. दोन्हीकडच्या लोकांना हे फारसं रुचणारं नव्हतं.

त्या काळात आयर्लंडच्या इतिहासकाराला आणखी एक अडचण होती. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत जळून गेला. जनगणनेचे कागद, अनेक शतकांची मृत्युपत्रं आणि न्यायालयीन नोंदी यांची राख शहरभर उडाली. त्यामुळे जी कागदपत्रं लंडनमध्ये किंवा खाजगी घरांत उरली होती त्यांचं मोल एकदम वाढलं. मूडींच्या पिढीचा अस्सल कागदावरचा जीव आणि ऐकीव गोष्टीवरचा अविश्वास समजून घ्यायचा तर ही आगही ध्यानात घ्यावी लागते, असं मला वाटतं.

१९३८ मध्ये मूडींनी रॉबर्ट डडली एडवर्ड्स यांच्या साथीने आयरिश इतिहासाचं एक नियतकालिक सुरू केलं. देशाची फाळणी होऊन दीड दशक उलटलं होतं, उत्तर आणि दक्षिण एकमेकांकडे पाठ फिरवून बसले होते. हे नियतकालिक मात्र बेलफास्ट आणि डब्लिन इथल्या दोन अभ्यासक-मंडळांनी मिळून चालवलं. सुरुवातीला त्यांनी नियमच केला की १९०० नंतरच्या राजकारणावरचे लेख घ्यायचे नाहीत. तो विस्तव हातात धरला तर हात भाजणार हे दोघांनाही कळत होतं.

आता १९व्या शतकाकडे येऊ. बहुतेक आयरिश शेतकरी वर्षाच्या बोलीवर जमीन कसत. सहा महिन्यांची नोटीस दिली की मालक त्याला काढू शके. शेताला बांध घालणं, चर खणणं, घर बांधणं हे सारं कुळाने स्वतःच्या खर्चाने करायचं. ते करून जमीन सुधारली की खंड वाढण्याची भीती. अल्स्टरमध्ये मात्र एक जुनी रीत होती. जाणारं कूळ येणाऱ्या कुळाकडून आपल्या वहिवाटीच्या हक्काची किंमत घेई, आणि मालक त्याला आडवा येत नसे. मुंबईच्या चाळीतली पगडी ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच समजेल. खोली मालकाची, पण आत राहण्याचा हक्क विकणारा भाडेकरू. कायद्यात याला आधार नव्हता, व्यवहारात होता. १८५० पासून कुळांच्या तीन मागण्या झाल्या: खंड वाजवी असावा, खंड भरतोय तोवर कुणी हटवू नये, आणि वहिवाट विकायची मोकळीक असावी.

त्याआधी १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला होता. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढून छप्पर पाडायचं, म्हणजे परत येऊन राहता येऊ नये, अशी पद्धत. १८४९ पासून पोलिसांनी या हकालपट्ट्यांची मोजदाद ठेवायला सुरुवात केली. १८५४ पर्यंतच्या सहा वर्षांत सुमारे अडीच लाख माणसं त्या नोंदींत येतात.

त्यांतलंच एक कुटुंब मेयो परगण्यातल्या स्ट्रेड गावचं डॅव्हिट. १८५० मध्ये त्यांना बाहेर काढलं तेव्हा मायकल चार वर्षांचा होता. कुटुंब इंग्लंडात लँकेशायरला गेलं. तिथे अकराव्या वर्षी सूतगिरणीत यंत्रात सापडून मायकलचा उजवा हात गेला. पुढे तो फिनियन या गुप्त क्रांतिकारी संघटनेत शिरला, हत्यारांच्या चोरट्या वाहतुकीसाठी १८७० मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली, आणि १८७७ च्या डिसेंबरात सुटला. दोन वर्षांनी, लागोपाठच्या वाईट हंगामांनी आणि पडलेल्या भावांनी पश्चिम आयर्लंड टेकीला आला असताना, तो लँड लीग या कुळांच्या संघटनेचा आत्मा बनला.

मूडी १९४०च्या दशकापासून या माणसाच्या मागे होते. बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट कामगाराचा मुलगा, पुढे शांततावादी क्वेकर पंथाचा झालेला, आणि अभ्यासाला निवडतो कोण, तर बेघर झालेल्या कॅथलिक घरातला एकहाती बंडखोर. मूडींच्या लिखाणात डॅव्हिटबद्दलचं प्रेम लपत नाही. तरीही त्यांनी त्याला सूट दिली नाही, आणि म्हणून हे काम मला मोठं वाटतं.

एक उदाहरण देतो. डॅव्हिटने पुढे सांगितलं होतं की जमिनीच्या लढ्याची कल्पना आपण तुरुंगात असतानाच मनाशी ठरवली. लोकांना ही गोष्ट आवडली. अंधारकोठडीत उगवलेला विचार म्हटलं की ऐकायलाही छान वाटतं. मूडींनी सुटकेनंतरची त्याची पत्रं आणि भाषणं तारखेने लावून वाचली. सुरुवातीच्या भाषणांत अशी तयार योजना सापडत नाही. ती हळूहळू घडली: १८७८ मधल्या अमेरिकेच्या दौऱ्यात, तिथल्या आयरिश पुढाऱ्यांशी झालेल्या चर्चांत, आणि मग मेयोच्या गावांत फिरताना. २० एप्रिल १८७९ च्या आयरिशटाउनच्या ज्या सभेपासून हा लढा मोजतात, तिला डॅव्हिट स्वतः हजरही नव्हता. सभेच्या जुळणीत पुढे होता कॅसलबारचा जेम्स डेली, एका स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक. डॅव्हिट खोटं बोलला असं मूडी म्हणत नाहीत. माणूस मागे वळून पाहताना आपल्या आयुष्याला सरळ रेघ मारतो, एवढंच.

ऑक्टोबर १८७९ मध्ये डब्लिनला राष्ट्रीय पातळीवरची लँड लीग स्थापन झाली. अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, जो स्वतः प्रॉटेस्टंट आणि स्वतः जमीनदार. १९ सप्टेंबर १८८० च्या एनिसच्या सभेत त्याने सांगितलं की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला रस्त्यात, दुकानात, प्रार्थनामंदिरातही वाळीत टाका. काही दिवसांतच मेयोमधला लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्यावर ही पाळी आली. गडी गेले, दुकानदार माल देईनात, टपालही अडलं. त्याचं पीक काढायला उत्तरेतून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक-पोलीस. पाचेकशे पौंडांच्या पिकापायी सुमारे दहा हजार पौंड खर्ची पडले. या बिचाऱ्याचं आडनाव इंग्रजी भाषेत क्रियापद होऊन बसलं. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या काळात लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आला, तेव्हा तो शब्द आपला होता, पण 'बॉयकॉट' म्हणून देशभर गाजत होतं ते मेयोच्या कारभाऱ्याचंच नाव.

आता पहिल्या कोड्याकडे परत जाऊ. १९७१ मध्ये बार्बरा सोलो या अमेरिकन अर्थ-इतिहासकार बाईंनी खंडाचे आणि शेतमालाच्या भावांचे आकडे शेजारी ठेवून दाखवलं की जमीनदार कुळांना पिळून काढत होते ही समजूत दुष्काळानंतरच्या काळाला लागू पडत नाही. पुढे ट्रिनिटीचेच विल्यम वॉन जहागिरींच्या खतावण्यांत वर्षानुवर्षं बसले आणि १९९४ च्या पुस्तकात त्यांनी हे चित्र आणखी पक्कं केलं. खंड कमीच होता, हकालपट्ट्या विरळ होत्या, बहुतेक जमीनदार राक्षस नव्हते; उलट जमिनीत पैसा न घालणारे, आळशी म्हणावेत असे होते. आणखी एक गोम. दुष्काळानंतर कर्जबाजारी जहागिरी विकण्यासाठी १८४९ मध्ये कायदा झाला, तेव्हा त्या विकत घेणारे बहुतेक आयरिशच होते, इंग्लंडहून आलेले नव्हते.

मग लोक भडकले कशाने? एक उत्तर असं की गरीब झाल्याने नव्हे, तर सुधारलेले दिवस पुन्हा हातचे जातील या भीतीने. १८७७-७९ ची वाईट वर्षं आली तेव्हा कुळाला आता गमावण्यासारखं काहीतरी होतं. दुसरं उत्तर सॅम्युएल क्लार्क यांनी दिलं. लँड लीगमुळे अटक झालेल्यांच्या याद्या पाहिल्या तर त्यांत गावातले दुकानदार आणि दारूगुत्तेवाले लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा पुष्कळ जास्त दिसतात. कारण सोपं आहे. कुळांची उधारी या दुकानदारांकडे होती. खंड आधी भरला तर उधारी बुडणार. पॉल ब्यू यांनी तिसरी बाजू मांडली: 'कुळं' म्हणून एकच एक वर्ग नव्हता. शेकडो एकरांवर जनावरं चारणारा बडा कूळ आणि पाच एकरांवर बटाटे लावणारा, दोघेही एकाच मोर्चात चालले तरी दोघांना हवं ते वेगळं होतं.

इतकं सगळं मोजून झालं तरी काहीतरी हाती लागत नाही अशी चुटपुट राहते. ती ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात आयरिश इतिहास शिकवणारे फिलिप बुल यांनी १९९६ च्या पुस्तकात नेमकी पकडली. त्यांचं म्हणणं, खंड किती हा मुद्दा दुय्यम. तो घेण्याचा हक्क मुळात कुणाचा, इथे घोडं अडलं होतं. कुळाच्या लेखी जमीन त्याच्या घराण्याची, कायद्याच्या लेखी जमीनदाराची. इंग्रजी कायद्याला करार आणि मालकी एवढंच दिसत होतं. वहिवाट दिसत नव्हती. ती मान्य करायला सरकारने इतका उशीर लावला की तोवर जमिनीचं गाऱ्हाणं आणि राष्ट्राचं गाऱ्हाणं एकजीव होऊन गेलं होतं. मला हे उत्तर सर्वांत पटतं. घरभाडं किती वाढलं यापेक्षा 'हे घर माझ्या आज्याने बांधलं' हे वाक्य माणसाला जास्त वेळ जागं ठेवतं.

इथे एक धागा थेट नागपुरात येतो. सर जॉर्ज कॅम्पबेल हा स्कॉटिश मुलकी अधिकारी मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त होता. मालगुजार आणि रयत यांचे हक्क कुणाचे, हा वाद त्याने तिथे जवळून पाहिला. १८६९ मध्ये तो आयर्लंडमध्ये हिंडला आणि त्याने लिहिलं की इथेही हिंदुस्थानासारखंच आहे, एक कायदा पुस्तकातला आणि दुसरा लोकांच्या रिवाजातला. ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी ते वाचलं आणि १८७० च्या आयरिश जमीन कायद्याच्या तयारीत त्याचा उपयोग झाला. तो कायदा तोकडा पडला. १८८१ च्या दुसऱ्या कायद्याने तिन्ही मागण्या मान्य केल्या, खंड ठरवायला न्यायासन नेमलं. पण तोवर लोक पुढे गेले होते, त्यांना आता मालकीच हवी होती.

ती मिळाली १९०३ च्या विंडहॅम कायद्याने. सरकारने कुळाला कर्ज दिलं, त्यातून जमीनदाराला एकरकमी किंमत आणि वर शेकडा १२ बक्षीस. कुळाने सव्वातीन टक्क्यांनी साडेअडुसष्ट वर्षं हप्ते भरायचे, आणि हा हप्ता बहुधा जुन्या खंडापेक्षा कमी! १८७० मध्ये जेमतेम शेकडा ३ शेतकरी आपल्या जमिनीचे मालक होते. १९२०च्या दशकाअखेर जवळजवळ सगळे झाले. डॅव्हिटला मात्र हे नको होतं. जमीन कुणा एकाची असूच नये, राष्ट्राची असावी, असं तो १८८२ पासून सांगत राहिला. कुळांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्याचं एवढंच ऐकलं नाही.

मूडींचं डॅव्हिटवरचं जाडजूड पुस्तक १९८१ मध्ये आलं. चाळीस वर्षांच्या अभ्यासानंतर. आणि ते १८८२ पाशी थांबतं. डॅव्हिट त्यानंतर चोवीस वर्षं जगला. मूडी १९८४ मध्ये वारले.

त्यांच्यावर टीकाही झाली. १९७७ मध्ये त्यांनी एका व्याख्यानात राष्ट्राच्या दंतकथा आणि इतिहास यांची फारकत करा असं बजावलं होतं. उत्तरेत तेव्हा बाँब फुटत होते, दंतकथांसाठी माणसं मरत होती, त्यामुळे त्यांची तळमळ समजते. पण १९८९ मध्ये इतिहासकार ब्रेंडन ब्रॅडशॉ यांनी, तेही मूडींनीच सुरू केलेल्या नियतकालिकात, सवाल केला की सगळं थंड डोक्याने मोजत बसलात तर दुष्काळासारख्या आपत्तीचं दुःख जातं कुठे? खतावणीत छप्पर पाडल्याचा आवाज येत नाही. माझ्या मते ब्रॅडशॉंचा प्रश्न रास्त आहे, पण डॅव्हिटवरच्या पुस्तकाला तो लागत नाही. तिथे खतावणी आणि छप्पर दोन्ही आहेत.

या जमिनींची खरेदी-वाटणी करणारं लँड कमिशन १८८१ मध्ये सुरू झालं आणि १९९९ मध्ये बंद झालं. कुणाची शेती कुणाला, किती किमतीत गेली याचे लक्षावधी कागद त्याच्याकडे जमले. १९२२ च्या आगीतून फारसं काही वाचलं नाही म्हणून हळहळणाऱ्या देशात हे दफ्तर शाबूत आहे, पोर्टलीश गावातल्या एका गोदामात. त्यातला बराच मोठा भाग अभ्यासकांना अजून सहजी पाहायला मिळत नाही. शेजाऱ्याच्या आज्याला कुणाचं वावर मिळालं हे तिथे लिहिलेलं आहे, आणि त्या दोघांचे नातू आजही एकाच बांधाला लागून शेती करतात.